मधली फळी हिरूची

मी चर्चचं कौल बोलतंय. कर्जतजवळच्या जुन्या दगडी चर्चचं, घंटेच्या बाजूचं. हसू नका, कौलालाही हातांची ओळख असते. कुणाचे हात गरम, कुणाचे घामट, कुणाचे खोबरेल लावलेले.

चाळीस वर्षांपूर्वी छपराच्या डागडुजीला वाडीवरची हिरू आली होती. परांचीवरून मला वर देताना तिचा पाय सरकला. मला टाकून बांबू धरला असता तर वाचली असती की हो! पण वेडी, मला दोन्ही हातांनी छातीशी धरूनच पडली. ती गेली, मला साधा तडाही गेला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा सगळं छप्पर नवं करायचं ठरलं. जुनी कौलं उतरवायला हिरूच्याच वाडीची माणसं आली. परांचीवर एकाखाली एक अशी त्यांची रांग लागली. वर जैतू, खाली म्हातारी कोंडी, आणि दोघांच्या मधली फळी मात्र रिकामी. ती हिरूची जागा. जैतू वरून कौल सोडायचा, ते खाली कोंडीच्या हातात अलगद येऊन बसायचं. दोन दिवसांत एक कौल फुटलं नाही.

ठेकेदार खोपोलीचा, नाव नवीन. तो वैतागला. "मधे जागा का सोडली? माणूस उभं करा."

"तिथं हिरू हाय रं," कोंडी म्हणाली.

"मला नाय दिसत."

"दिसायला कशाला पायजे? कौल पोचतंय ना सुखरूप?"

"रूपाली, तू चढ."

रूपाली ही कोंडीची सून. ठेकेदाराला नाही कसं म्हणायचं, म्हणून बिचारी चढली. कोंडी खालून "नको गं, नको गं" करत राहिली.

नेमकी तेव्हाच माझी पाळी आली. जैतूनं मला सोडलं. आधी गारढोण हात लागले, ओळखीचे. त्यांच्यावर रूपालीचे गरम हात आले. ती पांढरीफटक पडली.

"आत्याबाई, माझ्या हाताखाली हात हायेत!"

दोघींच्या वजनानं फळी करकरू लागली. भीतीनं रूपालीनं मला छातीशी गच्च धरलं. सोड गं बाई, सोड मला! मी जीव तोडून ओरडत होतं, पण कौलाचं कोण ऐकतंय?

हिरूनं ऐकलं. तिनं रूपालीचं एकेक बोट माझ्यावरून सोडवलं आणि बांबूवर नेऊन ठेवलं. तेवढ्यात फळी मोडली. मी खाली आपटलं, माझे चार तुकडे झाले. रूपाली बांबूला लटकून राहिली. जैतूनं तिला वर ओढलं.

आता मी कुंपणाशी ढिगाऱ्यात पडून आहे. माझं वाईट वाटून घेऊ नका, मला फार हलकं वाटतंय.

आज सकाळी नवीननं फळी बदलली आणि ती जागा आपणहून रिकामी ठेवायला सांगितली. जैतूनं वरून कौल सोडलं. कोंडीनं ते झेललं आणि कळवळली. तिचे तळहात लालबुंद झाले होते. ती त्या रिकाम्या फळीकडं बघत राहिली.

"आज कौल लागलं रं हाताला," म्हणाली, आणि तिथंच बसून रडायला लागली.