सबख्यातली सैफची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि खरे सांगायचे तर फार भित्री आहे. आताही माझी पाचावर धारण बसली आहे, कारण भरतीची वेळ जवळ आली आहे. पाणी दारापर्यंत पोचण्याआधी मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून ओमानला उतरले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. किनाऱ्याजवळच्या वस्तीतल्या सैफने मला विकत घेतले आणि कधी स्वस्थ बसू दिले नाही. पाण्याची टाकी, शेळ्या, खजुराची पोती, सुकवलेले मासे, लग्नाची वऱ्हाडे, सगळे मी वाहिले. एकदा उंटाचे एक पिल्लू माझ्या हौद्यात बसून आले आणि त्याने माझी मागची काच चाटून लख्ख केली. "ही गाडी म्हणजे आमची थोरली सून," असे सैफची बायको जुवैना कौतुकाने सांगायची.

सैफला एक सवय होती. जमीन बदलली की तो तिचे नाव मोठ्याने घ्यायचा. बारीक खड्यांची घट्ट सपाटी लागली की म्हणायचा, "सैह!" मग मी बिनधास्त धावायचे. "सबखा!" म्हटले की मी जागीच थबकायचे. सबखा दिसायला सैहइतकाच सपाट, पण वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल. तिथे सैफ उतरून टाचेने जमीन दाबून बघायचा आणि बहुतेक वेळा मला लांबच्या वाटेने न्यायचा. या दोन सपाट्यांतला फरक माझ्या दिव्यांना कधी कळला नाही. मला तो सैफच्या आवाजावरूनच कळायचा.

सैफ वारला आणि मी त्याच्या मुलाकडे, मुसल्लमकडे आले. त्याच सुमारास मुसल्लमची बहीण गालिया नकाशाचे काम शिकून परतली. वस्तीचा नकाशा वस्तीनेच करून राजधानीला पाठवायचा असे ठरले होते. पाण्याचा टँकर, शाळेची बस, रुग्णवाहिका, सारे पुढे त्याच नकाशावर चालणार होते. भावंडे माझ्यात बसूनच भांडायची.

"दादा, सैह वेगळी दाखवू, सबखा वेगळा. आणि ही खोर, खाडीचा फाटा आत शिरतो ना, ती."

"अगं, नकाशा आहे की आजीचं गाठोडं? राजधानीतल्या लोकांना मैदान कळतं. मैदान लिही, एक रंग दे आणि मोकळी हो."

"आणि रुग्णवाहिका रुतली म्हणजे?"

"हसतील गं आपल्याला. म्हणतील, यांचे जुने शब्द काही सुटत नाहीत."

थोरल्या भावाचे ऐकून गालियाने अखेर 'मैदान' लिहिले. कच्चा नकाशा छापून आला. त्यात सगळीकडे एकच फिकट पिवळे मैदान होते. मुसल्लमने तो माझ्या समोरच्या काचेशी ठेवला. मला त्या कागदाची भीती वाटायची.

मग समुद्रात वादळ झाले. ते ओसरल्यावर एका सकाळी जुवैनाला दम लागला. गालिया कामासाठी शेजारच्या वस्तीवर गेली होती. मुसल्लमने आईला माझ्यात बसवले आणि दवाखान्याकडे निघाला. वाटेत मुबारककाकांचा तंबू होता. आमच्याकडे खबर विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पहिले उत्तर मात्र नेहमी 'काही नाही' असेच असते. घर जळाले असले तरी खरी खबर कॉफीनंतरच निघते.

"काय खबर, काका?"

"काही नाही. सगळं कुशल. उतरा, कॉफी घ्या."

"आईला दम लागलाय, निघतो."

"अरे, घोटभर तरी..."

मुसल्लमने घाईत ते 'काही नाही' खरेच धरले. मी मात्र काकांच्या उंटिणीकडे बघत होते. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत ओल्या मिठाने माखले होते. सबखा ओला झाला आहे हे मला कळले, पण स्वतःचा हॉर्न वाजवायला मला हात कुठे होता?

मुसल्लमने नकाशावरच्या मैदानातून जवळची वाट धरली. खड्यांची करकर थांबली. खारट वास आला. पापडासारखे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि माझी पुढची चाके खाली गेली. त्याने जोर लावला तशी मी आणखी रुतले. दूरवर पाणी चमकत होते आणि ते आमच्याकडे येत होते. जुवैनाचा श्वास शिटीसारखा वाजत होता.  मुसल्लमने गालियाला फोन लावला.

"गालिया, गाडी रुतली! आई आहे बरोबर!"

"कुठं आहात?"

"मैदानात."

"दादा, नकाशावर सगळंच मैदान आहे! कुठल्या मैदानात?"

तो काचेशी ठेवलेला नकाशा चाचपू लागला. तेव्हा जुवैना धापा टाकत म्हणाली, "तुझा बाप... काय म्हणायचा इथं?"

"सबखा." मुसल्लम फोनमध्ये ओरडला. "गालिया, सबख्यात आहोत. सैह संपते तिथून आत, खोरीच्या तोंडाशी."

"कळलं! खाली उतरू नका. आम्ही सैहच्या बाजूनं फळ्या घेऊन येतो."

पाणी माझ्या चाकांना लागले तेव्हा माणसे आली. त्यांनी फळ्या अंथरल्या आणि जुवैनाला घोंगडीत घालून उचलले. मुबारककाका कमरेला दोर बांधून सगळ्यांच्या पुढे होते.

"माझी उंटीण इथंच फसली होती, गाढवा! तेच सांगणार होतो."

"मग सांगायचं ना, काका!"

"कॉफीआधी?"

गालियाने बोलावलेली रुग्णवाहिका सैहवर थांबली होती. जुवैना वाचली.

मला मात्र कोणी काढू शकले नाही. गालियाने नकाशा नव्याने केला. मुसल्लमने आईशेजारी बसून एकेक शब्द विचारला आणि जसाच्या तसा लिहायला लावला. सबख्याच्या मधोमध आता एक ठिपका आहे आणि त्यापाशी लिहिले आहे, 'सैफची गाडी'. मला लांबून पाहूनच टँकर वळतात.

पण प्रत्येक भरतीला मी थोडी आणखी खाली जाते. बुडण्याची भीती आता सवयीची झाली आहे. मला दुसरीच भीती खाते. उद्या कोणी नवा माणूस येईल, त्याला इथे गाडी दिसणार नाही आणि तो म्हणेल, पुसा हे नाव, इथे तर नुसते मैदान आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जाणत्यांना पायाखालच्या जमिनीचे नाव विचारून ठेवा. पाणी दारापाशी आले आहे. मी दिसेनाशी झाले तरी माझे नाव तेवढे पुसू देऊ नका. त्या वाटेने कोणाची तरी आई येत असेल.