मुलाखत क्रमांक चौदा

"तूच सांग त्यांना, गॅस बंद करा म्हणावं." माझ्या प्रबंधाचं पान एकशे सहा, चौथी ओळ.

सकाळपासून तीनदा पाणी प्यायले.

वीस घरं, चाळीस मुलाखती. नावाऐवजी क्रमांक.

बाबांनी बूट पुसून दाराशी ठेवले होते. माझे.

सांस्कृतिक आणि सामाजिक मानसशास्त्र, पदव्युत्तर प्रबंध. विषय : घरातला अबोला आणि निरोप पोचवणारी मुलं. तोंडी परीक्षा अकरा वाजता.

एकशे सहा पानावरची ती ओळ माझ्या लक्षात आली पावणेअकराला, विभागाच्या जिन्यात. टेपवरचा शब्द न् शब्द उतरवायचा, ही आमच्या मार्गदर्शक बाईंची शिस्त. मी उतरवला होता. खोकल्यासकट.

परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "बाकी सगळ्या तुम्हाला मॅडम म्हणतात. ही चौदा नंबरची बाई मात्र तुम्हालाच नवऱ्याकडे निरोप घेऊन पिटाळते. असं कसं हो?"

मार्गदर्शक बाई हसल्या. "मिसळते ना ती सगळ्यांच्या घरात, सर."

सुटका आयती पुढ्यात आली होती. नुसती मान हलवायची. खरं सांगून चौदा आणि पंधरा गळले तर तिसरं प्रकरण कोसळणार, पदवी लांबणार, जूनपासून ठरलेली नोकरी जाणार.

"तुमची कोण ती?" परीक्षकांनी विचारलं.



"आई," मी म्हणाले. "पंधरा नंबर बाबा. अकरा वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला आधी बोलायचं नाही का गं?"

परीक्षकांचा निर्णय : घरच्यांच्या मुलाखती चालत नाहीत; दोन्ही काढा, नवं घर शोधा, सहा महिन्यांनी या.

व्हरांड्यातून घरी फोन लावला.

"झालीस का पास?" आई.

"नाही. पुन्हा लिहायचंय. नोकरीही गेली."

"अगं बाई! ...बरं, रडू नकोस. आणि त्यांना तूच नीट सांग. इथेच बसलेत, कान टवकारून. देऊ फोन?"

"तू सांग."

"मी?"

"तीन पावलांवर आहेत ना?"

फोन चालूच होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईनं घसा खाकरला. थोड्या वेळानं पुन्हा खाकरला.

मुलाखत क्रमांक पंधरा बावीस मिनिटांची होती. त्यातली अठरा मिनिटं बाबा विचारत होते, चौदा नंबर काय काय म्हणाली.