टाइप केलेलं नाटक

मी व्हॉट्सअॅपवरचा एक ग्रुप बोलतोय. नाव ‘दिग्रस नाट्यमंडळ’. पण बोंडअळीच्या त्या वर्षी माझ्यावर नाटकापेक्षा कापसाचे भावच जास्त पडायचे. तो सोमवारही तसाच. सुप्रभातची फुलं आली, भाव आले, आणि मग नागपूरच्या दवाखान्यातून नौशादनं लिहिलं, ‘अब्बांचं गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला.’

अब्बा म्हणजे नौशादचे वडील, गनीभाई. दुकान रेडिओ दुरुस्तीचं, पण मंडळाच्या प्रत्येक नाटकात बाप तेच. नव्या नाटकात लेकीला निरोप देतानाचं लांबलचक भाषण होतं. त्या भाषणासाठीच त्यांनी काम घेतलं होतं.

दिग्दर्शक नंदकिशोर, कोर्टातले निवृत्त कारकून. त्यांनी लिहिलं, ‘गनीभाई, नाटक बंद नाही. इथंच करू. ज्यानं त्यानं आपलं वाक्य टाइप करायचं. बाकीच्यांनी अंगठे दाखवायचे नाहीत.’

लेकीचं काम नंदकिशोरांच्या पत्नीला, रत्नप्रभाबाईंना मिळालं. त्या पन्नाशीच्या. ‘इथं वय कोणाले दिसते?’ गनीभाईंनी लिहिलं. ते स्वतः तर गप्प राहण्याचाही अभिनय करत. नुसतं ‘टाइप करत आहे’ दिसत राहायचं, सगळे ताटकळायचे, आणि शेवटी यायचं, ‘हूं.’

दुसऱ्या अंकात लेक म्हणते, ‘बाबा, मला शेतकरी नवरा चालेल.’ त्या दिवसांत असं म्हणणारी मुलगी तालुक्यात शोधून सापडत नव्हती. घाटंजीचे बाबाराव माझ्यात फक्त भाव बघायला होते. त्यांनी नेमकं तेवढंच वाक्य वाचलं.

‘नंदूभाऊ, पोरगी खरंच असं म्हणून राह्यली का? माझा भाचा हाय. कापूसच हाय त्याचा, पण पोरगा सुपारीसुद्धा खात नाही.’

नंदकिशोर खुलासा टाइप करेपर्यंत गनीभाई भूमिकेतूनच बोलून मोकळे झाले, ‘रविवारी पाहाले या.’

आले की ते, नंदकिशोरांच्या घरी. भाचा इस्त्रीच्या शर्टात. रत्नप्रभाबाईंनी पोहे ठेवले आणि सांगितलं, ‘मुलगी मीच.’

भाचा खाली मान घालून पोहे खात राहिला. बाबारावांनी मात्र धीर सोडला नाही. ‘मंग वहिनी, लहान बहीण गिन हाय का तुम्हाले?’

हे सगळं माझ्यावर आलं. नौशादनं कळवलं, ‘अब्बा इतके हसले की नर्स धावत आली.’

तिसरा अंक गनीभाईंच्या भाषणाचा. ‘जेवण झालं की सुरू करतो,’ त्यांनी लिहिलं. ‘मधात कोणी भाव टाकू नका.’

कोणी टाकले नाहीत. संध्याकाळी नौशादचा निरोप आला. अब्बा गेले.

नंदकिशोर ते भाषण दुसऱ्या कोणाला देत नाहीत. रत्नप्रभाबाई अधूनमधून माझ्यावर विचारतात, ‘मी सासरी गेले की अजून माहेरीच आहे?’

लेकीला निरोप द्यायचा राहिला आहे.