शेवाळाचा सोपा धडा

वनस्पतिशास्त्र विभागामागच्या दगडी भिंतीची उन्हाशी कधी ओळखच झाली नव्हती, आणि त्या एका कृपेवर तिथले मखमली शेवाळ जगले होते. बाकीच्या भिंतींना सुधारणेने केव्हाच गाठले होते: कुठे रंग, कुठे फरशी, कुठे नुसता खराट्याचा पुरुषार्थ. ही जात आता इथेच उरली होती, ताटाएवढी. एकवीस वर्षे एक प्राध्यापिका तिची वाढ मोजत आल्या होत्या. वर्षाला तांदळाच्या दाण्याइतकीही नाही. सहकारी त्यांना शेवाळबाई म्हणत आणि या कामाला अभ्यास नव्हे, हट्ट समजत.

मंगळवारी भाचीचा वर्ग बघायला आला. ‘मुलांना समजेल असं सांगा’, ही वर्गशिक्षकांची अट. विद्वानांना ती सहसा जड जाते. बाईंना दुर्दैवाने गेली नाही. तपकिरी, वाळक्या पुंजक्यावर त्यांनी चमचाभर पाणी शिंपडले, आणि बघता बघता पाने उलगडून तो हिरवागार झाला.

“मेलं नव्हतं ते, झोपलं होतं. याला मुळं नसतात, दगडाला धरून राहायला नुसते केसासारखे धागे. पाणी पितं पानांनीच. उघड्या खडकावर आधी हे येतं, धूळ धरतं, कुजतं. त्या चिमूटभर मातीत मग मोठी झाडं तोरा मिरवतात. पाऊस हे स्पंजासारखं शोषून ठेवतं, म्हणून माती वाहून जात नाही. डोळ्यांना दिसणारही नाहीत असे कितीतरी जीव यात राहतात.”

“फुकट?” एकाने विचारले, आणि वर्ग खिदळला.

धडा मुलांना कळला. हीच त्यातली खोट.

गुरुवारी भिंत उघडी पडली होती. दगडावर ओरखडे तेवढे उरले होते. बाई तडक शाळेत गेल्या. सर दारातच फुलून आले. “मॅडम, काय गोडी लावलीत! काल पुन्हा घेऊन आलो होतो सगळ्यांना. प्रत्येकाला तो चमत्कार घरी बघायचा होता!”

बाकांवर मुलांनी घरून परत आणलेले डबे मांडले होते. एकात शेवाळ गटांगळ्या खात होते, दुसऱ्यात खताखाली गाडले गेले होते, तिसऱ्यातले कढत पाण्याने न्हाऊन काळे पडले होते. प्रेमाने केलेल्या हत्येचा पुरावा शोधावा लागत नाही. मारेकरीच तो डब्यात घालून कौतुकाने दाखवतात.

“ओरबाडलंत?”

“ओरबाडलं नाही गं आत्या,” भाची दुखावून म्हणाली. “पट्टीने अलगद काढलं. तूच म्हणालीस ना, त्याला मुळं नसतात? मग उपटलं तरी त्याला काय होणार?”

उत्तर बिनतोड होते. बाईंनी धडा मनात पुन्हा तपासला. चुकीचे विधान एकही नव्हते. ‘हात लावू नका’ एवढे सांगायचे राहिले होते, आणि ते कोणत्याच ग्रंथात नसते.

“परत चिकटवू या का?” भाचीने विचारले. “माझ्याकडे डिंक आहे.”

“चिकटत नाही ते, बाळा.”

“मग नवीन कधी येईल?”

खोटे बोलणे आत्याच्या नात्याला शोभले असते.

“नाही येणार. त्याचे बीजाणू उडून यायला ते दुसरीकडे कुठंतरी असावं लागतं. आता कुठंच नाहीये.”

भाचीचे ओठ थरथरले. सरांनी घाईने टाळी वाजवली. “अरे, मॅडम गंमत करतायत! निसर्ग कधी संपतो का?”

मुले सुटल्यासारखी हसली. सर्वांत आधी भाची हसली, आणि आत्याकडे न पाहता आपल्या डब्यात आणखी पाणी ओतू लागली.