नवव्या मैलावरची गंगा

१९७४ सालच्या दिवाळीनंतर नव्या कालव्याला पहिलं पाणी सुटलं, आणि भिवाजी खंदारे त्या पाण्याच्या पुढं चालायला निघाला.

तो त्या कामावर हजेरी कारकून होता. चार वर्षं त्यानं मजुरांची नावं मांडली आणि बाद झालेल्या कागदांच्या पाठीवर एक लांब कविता लिहिली. कविता भगीरथाची. पुराणात भगीरथ पुढं चालतो, मागून गंगा येते आणि त्याच्या साठ हजार पूर्वजांच्या राखेवरून वाहत त्यांना मोकळं करते. भिवाजीचा भगीरथ मात्र राजा नव्हता. डोक्यावर टोपलं घेऊन तो जवळा बाजारच्या अंगाला चालला होता, काळ्या रानातून, पळसांतून, मुरमाड टेकाडांवरून. बौद्धवाड्यातले सोबती विचारायचे, "आपल्याला काहून पाहिजे तो पोथीतला राजा?"

"पोथीत गंगा आली म्हणून लिवलंय," भिवाजी म्हणायचा. "वाट कोणी खोदली ते न्हाई लिवलं."

दर मैलाला एक कडवं. आठ झाली होती. नववं येत नव्हतं.

सोबत मकबूलचाचा पाटकरी होता. पाण्याच्या पुढं राहून कालव्यातला काडीकचरा काढणं हे त्याचं कामच.

पाणी गर्जत येईल असं भिवाजीला वाटलं होतं. ते आलं माणसाच्या चालीनं. आधी नुसती सळसळ ऐकू आली. मग वाळली पानं, कापसाच्या पळाट्यांचे तुकडे आणि मळकट फेस पुढं ढकलत ते वळणावर दिसलं. भेगाळलेला तळ लागला तसं अडखळलं. भेगांतून बुडबुडे वर येऊ लागले.

"थांबलं काहून, चाचा?"

"जमीन पिऊन राहिली. पिऊ दे. पहिला हक तिचा."

विंचू, बेडूक, एक लांबलचक धामण, सारे जीव काठ चढून पळत होते आणि वर बगळेच बगळे. भिवाजीनं कवितेत भगीरथाच्या हाती शंख दिला होता. इथं शेकडो पंखांचा आवाज होता. आपण लिहिलं ते खरंच होतं, पण खरं त्याहून केवढंतरी मोठं होतं.

नवव्या मैलाला काठावर पाच-सहा बाया उभ्या होत्या. दोन वर्षांमागं इथंच कड ढासळून सात माणसं गेली होती. त्यात भिवाजीची आई, जनकाबाई. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिच्या नावावर त्यानंच काट मारली होती.

तिच्या जोडीनं टोपली वाहणारी चतुराबाई पुढं आली. "लेकरा, तू कविता केली म्हणतात. आमाला बी ऐकव."

त्यानं कागद उघडले.

"भगीरथा, तुझे पाय मातीचे,
मागून येते ती तुझ्या घामाची धाकटी बहीण..."

आठवं कडवं संपलं तसा तो थांबला. "पुढचं लिवलं न्हाई, मावशी. जमंना."

चतुराबाई खाली कालव्यात वाकून बघू लागली. मग तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. "जनकाबाई. जळबा. लालसिंग. मदीनाबी..." सातही नावं, सावकाश.

तेवढ्यात पाणी आलं. ढासळल्या जागी तळ खोलगट राहिला होता. पाणी तिथं वळलं, गोल फिरलं आणि भरत राहिलं. बायांनी डोक्यावर पदर घेतले. मदीनाबी मकबूलचाचाची बहीण. त्यानं दोन्ही हात पसरून डोळे मिटले.

खळगा काठोकाठ भरला आणि पाणी पुढं निघालं.

भिवाजीनं तिथंच बसून नववं कडवं लिहिलं. ती सात नावं, बस. त्यात एक शब्द घालावासा वाटला नाही. पुढं हिंगोलीच्या एका सभेत त्यानं कविता वाचली. नावं सुरू झाली तसा मागचा एक म्हातारा उठून उभा राहिला, मग सगळी सभा.