सावली नसलेला ढग

यंत्राला डोळे असतात, अक्कल नसते, हे दीपा रोज अनुभवायची. यवतमाळच्या एका खाजगी कचेरीत उपग्रहाची चित्रं तपासायचं तिचं काम. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला यंत्र खूण लावून पाठवायचं: स्वच्छ, ढग किंवा ढगाची सावली. जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग पांढरा दिसला, की बिनदिक्कत 'ढग'! मग दीपानं बाजूला सावली शोधायची. सावली नसली तर ढग खोटा.

सतरा सालच्या हंगामात मात्र ढग खरा निघाला, आणि तोही नेमका तिच्या गावावर. गुलाबी बोंडअळीनं घाटंजीकडची बोंडं पोखरली होती. ढगाखालचं वावर मोजता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे शेजारच्या गावाचा आकडा लावला गेला. तिथं अळी कमी होती. गावाचं नाव मदतीच्या यादीतून गळलं. ती खूण दीपानंच कायम केली होती. खोटं लिहायला तिचा हात धजला नाही.

तिच्या वडिलांनी, देवरावांनी, चावडीवर मान खाली घालून लोकांची बोलणी खाल्ली आणि घरी येऊन तिला फोन लावला. "आमच्या वावरावर ढग टाकून बसली तू. तो काढल्याबिगर मले तोंड दाखवू नको."

जसा बाप तशी लेक. सव्वा वर्ष कोणीच माघार घेतली नाही. पण यंदा तिनं ठरवलं होतं: स्वच्छ चित्र छापून न्यायचं, बाबांसमोर धरायचं, मग ते रागावोत नाहीतर जेवायला बसवोत.

फेब्रुवारीत एका दुपारी परवाचं चित्र आलं. आभाळ कोरं, आणि घरामागच्या त्यांच्या वावरात तेवढे चार ठिपके 'ढग'. तिनं सावली शोधली. नव्हती. म्हणजे जमिनीवरचंच काहीतरी. एवढा मोठा पांढरा तर मांडवच असणार.

त्यांच्या बौद्ध घरात लग्नालाही मांडव पांढराच. धाकट्या धम्मरत्नचं लग्न उरकलं आणि सख्ख्या बहिणीला साधं बोलावणं नाही! तिनं तडक त्याला फोन लावला.

"काहून रे, चोरून लग्न केलं काय? वावरातला मांडव दिसला मले."

"लग्न नाही, ताई. बाबा गेले. त्याईच्या पुण्यानुमोदनाचा मांडव होता तो."

"मले कळवलं काहून नाही?"

"बाबानंच मना केलतं. दवाखान्यात म्हणे, कायले सांगता? तिले वरून सगळं दिसते."

ते रागानं म्हणाले की अभिमानानं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. फोन ठेवून टेबलावर डोकं टेकवून ती हमसून हमसून रडली.

चित्र संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. तिनं डोळे पुसले आणि एकेका ठिपक्याची खूण बदलली. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. चौथ्यापाशी हात थबकला, मग तोही बदलला. वावरावर आता ढग उरला नव्हता, आणि तोंड दाखवायला बाबा नव्हते.