पाणलावा, नर, अंड्यांवर

गायबगळा – ११

यादी नेहमीसारखीच सुरू केली. रविवार, सकाळी ५.५५. मोहने, बंद कारखान्याच्या भिंतीमागची पाणथळ. उघडीप. अकरा गायबगळे मोजले, दोनदा मोजले. झोप झालेली नसली की मोजत राहणं बरं पडतं.

सात वाजता महेंद्रचा ग्रुप येणार होता. घोडबंदर रोडवरून, चार गाड्या, अठरा माणसं, अठरा लांब लेन्स. ती माझ्यामुळे येणार होती.

टिटवी – २

काल संध्याकाळी मी ॲपवर यादी टाकली. तिच्यात एक ओळ होती: रंगीत पाणलावा, नर, अंड्यांवर. खाली फोटो. घरट्याची नोंद असली की ‘ठिकाण लपवा’ या चौकोनात खूण करायची असते. एरवी मीच नव्या पोरांना हे शिकवते. काल गॅसवर दूध होतं, कानाला फोन होता, आणि मी ती खूण केली नाही.

साडेनऊला लक्षात आलं. यादी काढून टाकली. तोवर महेंद्रने स्क्रीनशॉट फिरवला होता. ‘आसावरी मॅडमचा जॅकपॉट. उद्या सात, मोहने. गमबूट मस्ट.’

गमबूट या शब्दाने झोप उडाली. पाणलाव्यात मादी रंगीत असते, पण अंडी घालून ती निघून जाते. मातकट नर बसतो. त्याचं घरटं म्हणजे जमिनीवरची गवताची ताटली, अंडी चिखलाच्या रंगाची. पाय अगदी वीतभर येईपर्यंत तो उडत नाही. बूटवाल्याला कळणारही नाही आपण कशावर उभे आहोत.

महेंद्रला फोन केला होता.

“टेन्शन नका घेऊ मॅडम. आपण लांबूनच काढणार.”

“लांबून म्हणजे किती?”

“वीस फूट. मॅक्स.”

“महेंद्र, वीस फुटांवर यायला तुम्हाला अख्खा चिखल तुडवावा लागेल.”

“म्हणून तर बूट,” तो म्हणाला आणि हसला. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर भांडता आलं असतं.

पांढऱ्या छातीची पाणकोंबडी – १, फक्त आवाज

केशरबाई आधीच चिखलात उतरलेल्या. त्या रोज पहाटे इथला अळू कापून कल्याणच्या बाजारात जुड्या नेतात. घरटं त्यांनीच पाहिलं, मला त्यांनीच दाखवलं. आणि पक्ष्याला त्रास नको म्हणून त्यांनी तिथला अळू कापलाच नाही. सगळीकडे बुडखे, आणि मधोमध एक उंच हिरवा झुबका.

माझ्या फोटोत तो झुबका स्पष्ट होता. नकाशावरच्या खुणेची गरजच नव्हती. काठावर उभं राहिलेल्या कुणालाही तो आधी दिसला असता.

“आज लवकर?” केशरबाई म्हणाल्या.

“माणसं येतायत. फोटोवाली. अठरा.”

“कशापायी?”

“घरटं बघायला.”

“त्यांना कोनी सांगितलं?”

मी दुर्बीण पुसत राहिले. त्यांना उत्तर मिळालं.

“मग कापून टाकू का ह्यो? सगळं सपाट झालं तर कुठं हाय ते कळायचं नाय.”

“कापला तर तो उघड्यावर पडेल. वर घारी आहेत.”

त्यांनी वर पाहिलं. घार – ३.

“मग तुमीच काय ते बगा,” त्या म्हणाल्या. “मानसं तुमची हायत.”

खंड्या – १

कुंपणाच्या तारेवर साधा खंड्या येऊन बसला. निळी पाठ, तपकिरी डोकं, रोजचाच. मी त्याच्याकडे बघत होते तेव्हा पहिल्या गाडीचं दार वाजलं.

दहा मिनिटं आधीच आले होते.

महेंद्र उतरला. त्याने मागचं दार अदबीने उघडलं आणि काठी टेकत सुधीर सर बाहेर आले.

सर येतील हे माझ्या डोक्यातच नव्हतं. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं, नंतर पक्षी. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आमच्या भागातल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी त्यांच्याकडे तपासायला जातात. त्यांनी मान्य केलं तर नोंद राहते. बावीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या वहीच्या आतल्या पानावर त्यांनी लिहून दिलं होतं: दिसलं नाही ते लिहायचं नाही. दिसलं असावं असं वाटलं, तेही नाही.

बावीस वर्षं मी ते पाळलं. माझी एकही नोंद अमान्य झालेली नाही.

“सरांना डोंबिवलीहून उचलून आणलं,” महेंद्र म्हणाला. “म्हटलं, घरट्यासमोर सरांसोबत एक ग्रुप फोटो.”

मागे बुटांचे आवाज. कुणीतरी बोट दाखवून म्हणालं, “तो झुबका, तोच.”

“महेंद्र,” मी म्हणाले, “पाणलावा राहू दे. मागच्या ओढ्यावर तिबोटी खंड्या आहे.”

तिबोटी

मुठीएवढा पक्षी. नारिंगी, जांभळा, चोच लालभडक. पावसाळ्यात वीण करायला येतो. त्याच्या एका फोटोसाठी ही माणसं कर्नाळ्याला सहा-सहा तास भिजत उभी राहतात. मोहन्याला तो कधी कुणी पाहिलेला नाही.

मीही नाही.

“कधी?” महेंद्रचा आवाज बदलला होता.

“वीस मिनिटांपूर्वी. जुन्या पंपघराच्या खाली, उंबराच्या आडव्या फांदीवर.”

खोटं बोलताना झाडासकट आलं. मला वाटलं होतं अडखळायला होईल.

सर जवळ आले. “पाठ कशी होती?”

“काळसर निळी. वर जांभळी झाक.”

“आवाज?”

“बारीक शिट्टी. उडताना, एकदाच.”

“तू पाहिलास?”

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची साय होती. तरी ते बघत होते.

“पाहिला, सर.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

“मग लिही.”

त्यांच्यासमोर लिहिलं.

तिबोटी खंड्या – १

सतरा जण ओढ्याकडे गेले. पळत नव्हते, पण पळणं दाबत होते.

एक थांबला. तरुण, नव्याकोऱ्या पिवळ्या बुटांतला. “मी आधी हे उरकतो,” तो म्हणाला आणि चिखलात उतरला.

मी दुर्बीण लावली. अळूच्या देठांमधून मला नराचा डोळा दिसत होता, भोवती पांढरं कडं. तो हलला नाही.

पंधरा पावलं. चिखल बुटाला धरून सोडत होता, दर पावलाला तो आवाज. बारा. मी हाक मारली असती तर त्याने विचारलं असतं, का? आणि ‘का’चं उत्तर ऐकून आणखी जण परतले असते. आठ.

केशरबाई कमरेत वाकून कापत होत्या. त्या सरळ झाल्या, विळा हातातच.

“दादा, थितं नको. घोणस हाय.”

तो थांबला. “कुठे?”

“त्याच झुबक्यात. म्हणून तर कापला नाय मी तो.”

त्याने झुबक्याकडे पाहिलं. सगळीकडे कापलेलं, तेवढंच सोडलेलं. कारण पटण्यासारखं होतं. तो आपल्याच पाऊलखुणांत पाय टाकत मागे आला आणि ओढ्याकडे गेला.

केशरबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. परत वाकल्या.

अर्ध्या तासाने ओढ्यावरून गलका आला. महेंद्र गुडघाभर चिखलाने माखून परतला, चेहरा उजळलेला.

“मॅडम, मान गये. सेकंदभर फक्त, पण ऑरेंज एकदम क्लिअर. आम्ही तिघांनी पाहिला.”

मी सरांकडे बघू शकले नाही.

सर सगळा वेळ बांधावरच बसून होते, दुर्बीण झुबक्यावर. माणसं गाड्यांपाशी चहा पीत घोणशीबद्दल बोलत होती तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “कधीपासून बसलाय?”

“केशरबाई म्हणतात, नागपंचमीपासून.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “अंडी फुटायला एकोणीस दिवस धर. म्हणजे अजून नऊ-दहा दिवस.”

“हो.”

“माझ्याकडे पंधरा नोंदी पडून आहेत. तुझी सोळावी. मी क्रमाने घेतो, दहा-बारा दिवस लागतील, तुला ठाऊक आहे.”

काठी टेकत ते उठले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या रविवारीही महेंद्रचा ग्रुप ओढ्यावरच उभा होता. पाणथळीकडे कुणी फिरकलं नाही.

रंगीत पाणलावा – ५

बाराव्या दिवशी केशरबाईंचा फोन आला. पोचले तेव्हा ताटली रिकामी होती. लव्हाळ्याच्या कडेने नर चालत होता आणि मागे चार लवदार ठिपके, थांबत, पळत, थांबत.

तिथेच उभी असताना सरांचा मेसेज आला. ‘तिबोटी खंड्या, मोहने. निरीक्षकाने दुजोरा द्यावा.’

मी लिहिलं, ‘दिसला नव्हता.’

उत्तर आलं: ‘नोंद अमान्य. वर्षभर तुझी कुठलीही दुर्मीळ नोंद घेतली जाणार नाही. सगळ्यांना कळवावं लागेल. नियम तुला माहीत आहे.’

‘हो सर.’

‘किती निघाली?’

‘चारही.’

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळलं होतं. पुढच्या रविवारच्या यादीत माझं नाव नव्हतं. महेंद्रने तेवढं वेगळं लिहिलं: ‘मॅडम, तुम्हाला दिसला नसेल. आम्हाला दिसलेला. मी सरांशी भांडणार आहे.’

पण ते संध्याकाळचं. सकाळी केशरबाई विळा घेऊन झुबक्याकडे निघाल्या होत्या.

“आता कापू ना?”

“कापा.”

पानं मोठी झाली होती, जरड. त्यांनी एक जुडी बांधून माझ्या हातात दिली. “चिंच जास्ती घाला, नायतर खाजंल.”

जुडी काखेत धरून मी ॲप उघडलं. आधी ‘ठिकाण लपवा’च्या चौकोनात खूण केली. मग आकडा.